हाकेच्या अंतरावर: खानापूर-जांबोटीकडं एकटीनं चार दिवस राहायचं तर

दरवर्षी एकदा तरी मी एकटी तीन-चार दिवस खानापूर तालुक्यात जाऊन राहते. बेळगावात शाळेत शिकवते. सहामाहीचे पेपर तपासून हातावेगळे झाले की पिशवी भरते आणि निघते. सोबत कुणी नाही, कार्यक्रम नाही, कुणाला फोटो पाठवायचे नाहीत. आता ओळखीच्या बायका विचारतात, 'आम्हालाही जायचंय, कसं ठरवायचं?' दर वेळी फोनवर तासभर सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढलं. पुरुषांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

आधी माझ्या दोन चुका सांगते, कारण पुढचं सगळं त्यांतूनच आलंय. पहिल्या वर्षी चोर्ला रस्त्यावरचं एक कॉटेज नुसते फोटो बघून शनिवार-रविवारसाठी ठरवलं. शेजारच्या तीन कॉटेजांत मिळून बारा-पंधरा मुलांचा घोळका उतरला होता आणि रात्री दीडपर्यंत डॉल्बी चालू होता. शेवटी कानात कापूस घालून झोपले. पुढच्या वर्षी ते टाळायचं म्हणून इतकं आतलं घर घेतलं, की सगळ्यांत जवळची वस्ती दोन किलोमीटरवर. संध्याकाळी पाऊस आला, वीज गेली, मग फोनची रेंजही गेली. रात्री परड्यात काहीतरी मोठं, जड जनावर फिरत होतं, त्याचा श्वास भिंतीपलीकडून ऐकू येत होता. मी अडसर घालून पहाटेपर्यंत जागी बसले. सकाळी चिखलात खुरांचे ठसे दिसले. गवा होता. त्यानं मला काहीच केलं नाही, पण त्या रात्री मला ताप भरला असता किंवा पाय मुरगळला असता तर हाक मारायला कुणी नव्हतं.

तेव्हापासून माझं एकच माप आहे. आपण दारात उभं राहून हाक मारली तर ती एखाद्या नांदत्या घरात पोचली पाहिजे, आणि त्या घरातला टीव्ही मात्र आपल्याला ऐकू येता कामा नये. असं घर सापडलं की निम्मं काम झालं.

आधी पट्टा ठरवा, घर नंतर

लोक आधी कॉटेज शोधतात आणि मग ते कुठं आहे ते बघतात. उलट करा. बेळगावच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला तास-दीड तासाच्या वाटेत तीन अगदी वेगळे प्रदेश आहेत.

पहिला जांबोटी ते कणकुंबी. बेळगावहून पिरनवाडी, किणये, कुसमळी करत जाणारा हाच रस्ता पुढं चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळीला जातो. किणयेपासून झाडी दाटत जाते, हवा बदलते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच डोंगररांगेत थोड्या अंतरावर उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि पणजीजवळ मांडवी म्हणून अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीच्या आसपासच्या माळावर पाऊस बघत उभं राहिलं, की यातलं कुठलं पाणी कुठल्या समुद्राला जाणार हा विचार मनातून जात नाही. हा पट्टा सगळ्यांत सुंदर आहे आणि शनिवार-रविवारी सगळ्यांत गोंगाटाचाही. इथं राहायचं तर मुख्य रस्त्यापासून निदान दीड-दोन किलोमीटर आत, एखाद्या गावाच्या कडेला राहा. रस्त्यालगतची जागा नको. रात्रभर गोव्याची जड वाहनं चढावर गिअर बदलत असतात.

दुसरा पट्टा खानापूर शहराच्या आसपासचा, मलप्रभेच्या काठचा. नदीकाठी रामलिंगेश्वराचं देऊळ असलेलं असोगा याच बाजूचं. रेल्वे, दवाखाना, औषधाचं दुकान सगळं जवळ. पहिल्यांदाच एकटं राहणार असाल तर मी डोळे झाकून हाच सुचवेन.

तिसरा नंदगड-हलशी. इथं घाटाची गर्द झाडी कमी, भाताची खाचरं, आमराया आणि लाल मातीच्या बैलगाडीवाटा जास्त. सपाट असल्यामुळं पायी फिरायला हा पट्टा सगळ्यांत चांगला. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. पाचव्या शतकात कदंब राजा मृगेशवर्म्यानं इथं आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ जिनालय बांधल्याचं ताम्रपटात आहे. भूवराह नरसिंहाचं देऊळ पुढच्या काळातलं, गोव्याच्या कदंबांचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी गेलात तर सगळं आवार तुमचं एकटीचं असतं. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिली.

भीमगडच्या आतल्या गावांत मात्र एकटीनं राहायला जाऊ नका, कुणी कितीही स्वस्तात घर देऊ केलं तरी. २०११ साली अभयारण्य झालेलं हे साधारण १९० चौरस किलोमीटरचं जंगल आहे. आत वाघ, अस्वलं, गवे आहेत, रस्ते पावसात तुटतात आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत फिरताही येत नाही. जंगल बघायचंच असेल तर परवाना काढून, वनखात्याचा माणूस सोबत घेऊन, दिवसा जाऊन या आणि रात्री आपल्या घरी परत.

महिना, आणि त्याहून महत्त्वाचा वार

सोमवार दुपार ते गुरुवार दुपार, म्हणजे तीन रात्री. रजा मिळवायला हे अवघड असतं हे मला ठाऊक आहे, पण शांतता हवी असेल तर याला पर्याय नाही. शुक्रवारी संध्याकाळपासून बेळगाव, हुबळी, गोवा, कोल्हापूर अशा चारी बाजूंनी गाड्या येतात. सोमवारी सकाळी तोच परिसर इतका शांत होतो, की दुपारी ऊन तापलं की वाळक्या शेंगा फुटताना ऐकू येतात.

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बघायचाच असेल तर खानापूरजवळ राहा, कणकुंबीला नको. कणकुंबी, आमगाव हा भाग सगळ्या कर्नाटकात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या जागांपैकी आहे. तिथला पाऊस पहिल्या दिवशी आनंद देतो. तिसऱ्या दिवशी अंथरूण ओलसर असतं, काडेपेटी पेटत नाही आणि आपण निजेला कंटाळलेलो असतो. गणपतीत जाऊ नका. त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक घरी मुंबई-पुण्याचे चाकरमानी आलेले असतात आणि तुमच्यासाठी भाकरी थापायला कुणाला उसंत नसते.

ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर सुगीचे दिवस. भात पिवळं झालेलं, हवेला पिंजराचा वास, सकाळी धुकं. माझा हाच काळ. मात्र १ नोव्हेंबर टाळा. त्या दिवशी बेळगाव शहरात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि आपल्या मराठी माणसांचा काळा दिन. शहरातून बस धरणं, रिक्षा मिळवणं फार कठीण जातं. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हाही बेळगावातली हॉटेलं भरलेली आणि रस्ते अडलेले असतात, म्हणून वाटेत शहरात मुक्काम करणार असाल तर अधिवेशनाच्या तारखा आधी बघा. जानेवारी-फेब्रुवारी थंड, कोरडे, छान. मार्चपासून काजू, एप्रिल-मे करवंदं आणि फणस. पण दुपारी कौलांखालीसुद्धा तगमग होते. मेच्या शेवटी वळीव पडून गेला की झाडांवर काजवे लुकलुकायला लागतात. त्यासाठी मात्र उकाडा सोसायला हरकत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ज्या गावात राहणार तिथली किंवा शेजारच्या गावची यात्रा त्या आठवड्यात नाही ना, हे विचारून घ्या. आपल्याकडं लक्ष्मीची यात्रा काही वर्षांनी एकदा भरते, पण भरते तेव्हा आठवडाभर कर्णे चालू असतात. तुम्हाला यात्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

फोन करा, आणि हे सगळं विचारा

ॲपवर घर बघा, पण ठरवू नका. मालकाचा नंबर मिळवून बोला, शक्यतो मालकिणीशी. पाच मिनिटांच्या बोलण्यात घराचं जितकं कळतं तितकं चाळीस फोटोंत कळत नाही. मी वहीत पान करून ठेवलंय, त्यातूनच सांगते.

पहिला प्रश्न, 'तुमचं स्वतःचं घर तिथून किती लांब आहे, आणि त्या दिवसांत तुम्ही तिथं असणार का?' बेळगावात राहणारा मालक आणि घरावर नुसता एक राखणदार, अशी जागा एकट्या बाईनं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. राखणदार भला असेलही, पण हाकेच्या अंतरावर चूल पेटणारं घर हवं, लेकराबाळांचं.

दुसरा, 'त्याच तारखांना बाजूला आणखी कुणाचं बुकिंग आहे का? रात्री किती वाजेपर्यंत गाणी लावू देता?' उत्तर 'दहापर्यंत' असं आलं तर समजा, की तिथं लाऊडस्पीकर आहे. 'आमच्याकडं गाणीबिणी नाहीत' असं आलं तर पुढं बोला.

तिसरा दराचा. बऱ्याच ठिकाणी दोघांचाच दर असतो आणि एकटीकडूनही तोच मागतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी घर रिकामंच असतं, तेव्हा स्पष्ट विचारा, 'एकटीचं किती घ्याल, जेवणासकट?' बहुतेक जण कमी करतात. काही जण एकट्या माणसाला, विशेषतः एकट्या पुरुषाला, घर द्यायलाच बिचकतात. त्यांचं भय खरं असतं. मागं कुणाला तरी वाईट अनुभव आलेला असतो. आपण कोण, कुठं काम करतो, कशासाठी येतोय हे सरळ सांगावं, आधार कार्ड दाखवायची तयारी ठेवावी. घर होमस्टे म्हणून पर्यटन खात्याकडं नोंदवलेलं आहे का, हेही त्याच वेळी विचारा. नोंद असलेला मालक या प्रश्नानं चिडत नाही.

मग घराबद्दल. छप्पर कौलांचं की पत्र्याचं? पावसाळ्यात हा प्रश्न झोपेचा आहे. कौलांवरचा पाऊस कानाला सुखावतो, पत्र्यावर तोच पाऊस ताशा होतो. संडास-न्हाणी घराला लागून आहे की परड्यात? रात्री कंदील घेऊन परड्यात जायची सवय नसेल तर आतलंच घ्या. पाणी विहिरीचं की बोअरचं, आणि वीज गेली तर पंपाशिवाय पाणी मिळतं का? आतून अडसर किंवा कडी नीट लागते का? खिडक्यांना गज आहेत का? गेलेली वीज साधारण किती वेळानं येते? रेंज कुठल्या सिमला मिळते आणि घरात मिळते की चढावर जाऊन?

शेवटी एक विनंती करा. मुख्य रस्त्यापासून दारापर्यंतच्या वाटेचा एक छोटा व्हिडिओ पाठवायला सांगा. गाडी पोचते की नाही, वाटेत ओढा आहे का, शेजारची घरं किती जवळ आहेत, सगळं त्यात दिसतं. जो मालक हौसेनं पाठवतो आणि वर 'इथं आमची म्हस बांधलेली असते, भिऊ नका' असं सांगतो, त्याच्याकडं मी नेहमी निर्धास्त गेले आहे.

आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्याहून जास्त देऊ नका. उरलेले पैसे पोचल्यावर, रोख. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. सुट्ट्या नोटा जवळ असू द्या.

जाणं-येणं

बेळगाव-खानापूर अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. बस सारखी मिळते आणि मिरज-लोंढा मार्गावरच्या बऱ्याच गाड्याही खानापूरला थांबतात. विमानानं येणाऱ्यांना सांबरा विमानतळ शहरापासून दहाएक किलोमीटरवर आहे. प्रश्न असतो तो खानापूर किंवा जांबोटीपासून पुढच्या गावापर्यंतचा. आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच बस असतात, आणि शेवटची बस 'वस्तीची', म्हणजे रात्री त्याच गावात थांबून सकाळी परत निघणारी. ती कधी सुटते हे मालकालाच विचारा, बसस्थानकावरच्या फलकावर विसंबू नका. मी शक्यतो दुपारी तीनच्या आत पोचते. उजेडात घर बघून घेता येतं, विहीर कुठं, वाट कुठली, शेजारी कोण हे कळतं. अंधारात पोचलेल्या नव्या घरात पहिली रात्र अवघडच जाते.

बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपल्या गावाचं नाव कन्नड लिपीत कुणाकडून तरी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावं आणि अक्षरांचा आकार जुळवून बघावा. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, मात्र कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. चंदगड-कोल्हापूरकडून येणाऱ्या बायकांना तिकीट काढावं लागेल.

पश्चिम खानापुरातल्या बहुतेक गावांत मराठी चालतं. पण कंडक्टर, वनरक्षक, पोलीस, दवाखान्यातली नर्स यांच्याशी दोन शब्द कन्नडचे बोलता आले तर काम हलकं होतं. 'नीरु' पाणी, 'ऊटा' जेवण, 'दारी' वाट, 'एल्लि' कुठं, 'बेकु' पाहिजे, 'बेडा' नको. शब्दाच्या शेवटी 'री' लावलं की आदर येतो. 'हेळ्री' म्हणजे सांगा हो, 'सहाय माड्री' म्हणजे मदत करा. एवढ्यावर माझी कितीतरी कामं झाली आहेत.

स्वतःची दुचाकी नेणार असाल तर टाकी बेळगावात किंवा खानापुरात पूर्ण भरा. पावसात आणि धुक्यात चोर्ल्याच्या बाजूला अंधार पडल्यावर गाडी चालवू नका.

पिशवीत काय

कपड्यांचं सांगत नाही, ते प्रत्येकीचं वेगळं. न विसरायच्या गोष्टी एवढ्याच. चांगला टॉर्च आणि जादा सेल, मेणबत्त्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, भरलेला पॉवर बँक, शिट्टी, मच्छरदाणी, स्वतःची चादर. नेहमीची औषधं मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची, कारण ओढा चढला तर मुक्काम लांबतो. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जळवांसाठी मीठ-चुन्याची पुरचुंडी. शिट्टी बघून लोकांना नवल वाटतं. ती हाकेहून लांब ऐकू जाते आणि आवाज बसला असला तरी वाजते, म्हणून ती माझ्या गळ्यातच असते.

दोन वेळचा शिधाही घ्या. तांदूळ, मुगाची डाळ, मीठ, हळद, तूप. मालकिणीला अचानक कुठं जावं लागलं तर आपली खिचडी आपण करून खाता येते.

जनावरं, पाणी आणि ताप

भीती घालायची नाही, पण हे माहीत नसताना एकट्यानं जाऊ नये. साप आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखता आले तर उत्तम, नाही आले तरी नियम एकच. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही आणि जमिनीवर झोपायचं नाही. मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा कित्येकदा कळतही नाही. साप चावलाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता, माणसाला चालायला न लावता थेट विषप्रतिबंधक लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, कुठल्याही संकटात ११२. पोचल्या दिवशीच मालकाला विचारून ठेवा, की रात्री दोनला गाडी लागली तर गावात कुणाची मिळेल. हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारते आणि उत्तर उशाशी ठेवलेल्या कागदावर लिहून ठेवते.

जंगलकाठच्या गावांत अस्वलानं माणसावर हल्ला केल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्यानं रानवाटेला जाऊ नका. सकाळचं फिरणं ऊन चांगलं वर आल्यावर. रानवाटेनं चालताना अधूनमधून काठी आपटत जा, म्हणजे जनावर आधीच सरकतं. गवा दिसला तर जागीच थांबा, हळूहळू मागं या, फोटोसाठी पुढं जाऊ नका.

गोचिडांकडं लोक दुर्लक्ष करतात. माकडताप गोचिडांतून पसरतो. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि अलीकडच्या वर्षांत आपल्या शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागातही त्याचे रुग्ण सापडले आहेत. पाऊस संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत रानात जाताना पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यांत खोचलेला आणि परत आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ. पाचोळ्यात बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात सांगा. परत आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना 'मी रानात राहून आले' हे आपणहून सांगा.

पाण्याचं शेवटचं. मलप्रभा हब्बनहट्टीला मारुतीच्या देवळाजवळून वाहते. उन्हाळ्यात तिथं पाय सोडून बसावं असं शांत पाणी असतं आणि पावसाळ्यात तेच देऊळ पाण्याखाली जातं. आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं असलं तरी वर कणकुंबीला पाऊस लागला की खाली ओढा बघता बघता चढतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पाचोळा वाहत यायला लागला, की लगेच काठ सोडा. वज्रपोह्यासारख्या धबधब्यांकडं जायला पावसाळ्यात बंदी असते तेव्हा ती पाळा. 'मी एका माणसाला ओळखतो, तो नेईल' असं सांगणाऱ्याबरोबर जाऊ नका.

तिथं पोचल्यावर

पहिल्या संध्याकाळी काहीही करू नका. घरी एक फोन, 'पोचले', आणि पुढं रोज ठरलेल्या वेळी एकच फोन. मी संध्याकाळी सहाची वेळ दिलेली असते. आठपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी मालकाला करायचा. मालकाचा नंबर, गावाचं नाव आणि घराची खूण कागदावर लिहून घरी ठेवूनच निघते. एवढं पक्कं असलं की उरलेला दिवस फोन पेटीत पडून राहिला तरी चालतो.

मग हाकेच्या अंतरावरच्या घरी जाऊन या. रिकाम्या हातानं नको. बेळगावचा कुंदा पावशेर नेला की पोरं जवळ येतात. 'एकटीच आलीस काय गे?' हा प्रश्न येणारच. खरं उत्तर द्या. मी म्हणते, 'होय मावशी, जरा गप बसायला आलेय.' त्यावर आजवर कुणी हसलं नाही. एका मावशींनी तर मान हलवून सांगितलं, 'बस की मग. मी पोरांस्नी तिकडं धाडत न्हाई.' आणि खरंच तीन दिवस एकही पोर आलं नाही. सकाळी फक्त दारात स्टीलचा डबा ठेवलेला असायचा, फडक्यात गुंडाळलेला. आत दोन आंबोळ्या, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ओल्या मिरचीची चटणी. पान आंबोळीच्या वाफेनं मऊ पडून तिलाच चिकटलेलं असायचं, ते सोलावं लागायचं.

पहिला दिवस कंटाळवाणा जातो. हात सारखा फोनकडं जातो, काहीतरी करायला हवं असं वाटत राहतं. तो जाऊ द्या. मला नेहमीच्या घरातलं काचेचं कौल आठवतं. त्यातून पडणारा कवडसा सकाळी पलंगाच्या पायाशी असतो, मग पेटीवर चढतो, पेटीवरून उतरून शेणानं सारवलेल्या जमिनीवरून सरकत जातो. तो न्हाणीच्या उंबऱ्याला टेकला की अकरा वाजलेले असतात. त्यात धुराचे, धुळीचे कण फिरताना दिसतात, आणि बंबाखाली काजूची लाकडं पेटली असली की सगळा कवडसा निळा होतो. पहिल्या दिवशी हे दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिसलं आणि तिसऱ्या दिवशी घड्याळ बघायचं थांबलं. म्हणूनच दोन रात्रींसाठी जाऊ नका. दोन रात्रींत नुसतं पोचणं होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकच ठिकाण, पायी किंवा बसनं. असोगा, हब्बनहट्टी, हलशी यांतलं एक. दुपारी परत. जेवणात जे पिकतं ते मागा. पावसाळ्यात अळंबी, हिवाळ्यात नव्या तांदळाची भाकरी, कुळथाची आमटी, उन्हाळ्यात फणसाची भाजी. 'तुमच्यासाठी काय करतात तेच मला' असं सांगितलं की मालकिणीवरचं ओझं उतरतं आणि आपल्याला चांगलं जेवण मिळतं. सुगीत ती दिवसभर शेतात असते, तेव्हा जेवण अडीचला येईल हे धरून चाला.

रात्री नवाला अडसर. आवाज ऐकू येतील. वासे करकरतात, कौलांवरून उंदीर पळतात, घुबड बोलतं. पहिल्या रात्री मी मालकिणीला विचारून घेते, 'रात्री कसले कसले आवाज येतात?' त्या सांगतात आणि नाव कळलेला आवाज मग झोप मोडत नाही.

निघताना

सगळा प्लॅस्टिकचा कचरा पिशवीत घालून शहरात परत आणा. गावात तो परड्यात जाळतात किंवा ओढ्यात जातो. उरलेल्या मेणबत्त्या आणि काडेपेटी फडताळात ठेवून या, पुढच्या माणसाला लागतील. चार्जर खिडकीत राहत नाही ना बघा. किल्ली कुंडीखाली ठेवू नका, हातात द्या. हिशेब समोरासमोर करा आणि डब्यात आलेल्या न्याहारीचे पैसे मालकीण नको म्हणाली तर पोरांच्या वह्या-पेन्सिलींसाठी म्हणून द्या. घरचा तांदूळ विकत मिळाला तर दोन किलो घ्या. नव्या भाताचा वास बेळगावच्या दुकानातल्या तांदळाला येत नाही.

सकाळच्या वस्तीच्या बसनं निघायचं असेल तर आदल्या रात्री सांगून ठेवा. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपलेले असतात, निरोप पोचतो आणि बस फाट्यावर थांबते.

पुढच्या खेपेच्या तारखाही तिथंच सांगा. त्या मावशींच्या पडवीत दाराशेजारी कॅलेंडर टांगलेलं असतं, त्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. गाय कधी व्यायची, गॅस कधी लावला, सगळं त्याच्यावर असतं. मी तारखा सांगितल्या तेव्हा त्यांनी पानं उलटून नोव्हेंबर काढला आणि तीन चौकोनांवर एक लांब रेघ ओढली.